प्रोफाइल कागदाचं असतं

घरात फोटो प्रिंटर असला की ओळखीपाळखीतले लोक आपल्याला स्टुडिओवाला समजायला लागतात. कुणाचं डोहाळजेवण, कुणाची मुंज, कुणाचा राजगडावरचा सूर्योदय. पेन ड्राइव्ह येतात, प्रिंट हातात पडते आणि ठरलेलं वाक्य कानावर येतं, "मोबाइलवर काय छान दिसत होता!" माणूस जरा जाणकार असला तर पुढचा प्रश्न असतो, "तू प्रोफाइल कुठलं वापरतोस?" जणू ते एक नाव कळलं की काम फत्ते. पुण्यातल्या आमच्या घरी सहा रंगांच्या टँक प्रिंटरवर बरीच वर्षं छापून झाल्यावर या प्रश्नाचं जे उत्तर साचलं आहे, ते इथे क्रमाने देतो. क्रम मुद्दाम लावलेला आहे. वरचं टाकून खालचं करायला जाऊ नये.

१. प्रोफाइल म्हणजे मोजून लिहिलेला तक्ता.

अमुक प्रिंटर, त्यात अमुक शाई, अमुक कागद, ड्रायव्हरमध्ये अमुक सेटिंग. अशा वेळी लाल, हिरवा, निळा यांचे हे आकडे पाठवले तर कागदावर खरोखर कोणता रंग उमटतो, हे यंत्राने मोजून त्या फाइलीत लिहिलेलं असतं. उमटलेला रंग मांडायला सीआयई या संस्थेची १९७६ सालची लॅब पद्धत वापरतात. ती कुठल्याही यंत्राची नाही, माणसाच्या नजरेवर बेतलेली आहे. फोटोच्या फाइलचं प्रोफाइल रंग तिथवर आणून सोडतं, प्रिंटरचं प्रोफाइल तिथून पुढे नेतं. १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, ॲग्फा, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम काढलं ते याचसाठी. फाइलच्या शेपटीला लागणारं आयसीसी हे नाव तिथूनच आलं. विंडोजवर त्याचं आयसीएम होतं, माल तोच.

निवडीचा नियम यातून आपोआप निघतो. प्रिंटर, शाई, कागद, सेटिंग हे चारही जुळले तर प्रोफाइल बरोबर. तीनच जुळले तर तो अंदाज. आणि "हे प्रोफाइल लाव, रंग खुलतात" असा सल्ला मिळाला तर तो देणाऱ्याचा कागद कुठला, एवढं विचारावं. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

२. नोझल चेक केल्याशिवाय रंगावर बोलू नये.

फिकट मॅजेन्टाची नोझल अर्धवट बंद असेल तर सगळे चेहरे हिरवट येतात आणि माणूस प्रोफाइलं पालटत बसतो. प्रिंटर आठवडाभर पडून होता का? मग साध्या कागदावर आधी नोझल चेक. रेघा तुटक आल्या तर हेड क्लीनिंग. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

३. "प्रिंट काळी आली" ही तक्रार बहुधा स्क्रीनची असते.

आकडे बघा. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवली तर सहज २५० ते ३०० निट्स देते, फोन त्याच्या कितीतरी पुढे जातो. साधारण ३०० लक्स उजेडाच्या खोलीत पांढऱ्या कागदावरून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश मात्र ८५ निट्सच्या आसपास असतो. म्हणजे स्क्रीनवरचा पांढरा कागदावरच्या पांढऱ्याच्या तिपटीने उजळ. अशा स्क्रीनवर बघून आपण फोटो ‘थोडा खाली’ आणतो, आणि तो मुळातच काळोखी होऊन प्रिंटरकडे जातो. जगातलं कुठलंही प्रोफाइल त्याला उजळवणार नाही, कारण प्रोफाइलच्या दृष्टीने सगळं यथास्थित झालेलं असतं.

छपाईसाठी स्क्रीन ८० ते १२० निट्समध्ये आणि पांढरा बिंदू ६५०० केल्व्हिनवर ठेवतात. मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. फोटो क्लबात चौघांनी मिळून एक घेतलं तरी भागतं, कारण ते रोज लागत नाही. यंत्र नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडावं, शेजारी नेहमीच्या दिव्याखाली छपाईचा कोरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. पहिले दोन दिवस स्क्रीन मरगळलेली वाटते, मग डोळा सरावतो. विंडोजचं नाइट लाइट, मॅकचं ट्रू टोन आणि उजेड पाहून आपोआप बदलणारा ब्राइटनेस, तिन्ही बंद. मोबाइलवर फोटो कसा दिसतो, हा पुरावा मी मान्यच करत नाही. नातेवाइकांना हे पटत नाही, पण त्याला इलाज नाही.

४. स्वतःचं चाचणीचं पान करा आणि त्यात करडी पट्टी हवीच.

इंटरनेटवर चाचणीचे तयार फोटो मिळतात. त्यातले चेहरे गोरे, फळं परदेशी. आपण काय छापतो? माझ्या ए-फोर पानावर दोन वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे आहेत, धुतलेलं पांढरं धोतर आहे, पावसाळ्यातलं भाताचं खाचर आहे, जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेला भंडारा आहे आणि तळाशी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायरीपायरीने जाणारी करडी पट्टी आहे.

पानावर सर्वांत बोलकी तीच पट्टी. आकड्यांत तिचे लाल, हिरवा, निळा समसमान असतात, म्हणजे छापताना तिच्यात रंगाची झाक यायचं कारणच नाही. पट्टी गुलाबी किंवा हिरवी झाली तर प्रोफाइल, कागदाचं सेटिंग किंवा शाई यांत काहीतरी बेमेळ आहे. पट्टी स्वच्छ करडी आहे, पण फोटो काळा वाटतो? मग तिसऱ्या मुद्द्याकडे परत जा. काळ्याकडच्या शेवटच्या चार-पाच पायऱ्या एकजीव होऊन गेल्या, तर शाई जास्त पडते आहे किंवा कागद तेवढी पेलत नाही. चेहऱ्यांवरून यातलं काहीच नक्की सांगता येत नाही, कारण चेहरा कसा असावा याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं असतं.

५. फाइलचं प्रोफाइल वेगळं, कागदाचं वेगळं.

गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो. एसआरजीबी, ॲडोबी आरजीबी, प्रोफोटो, डिस्प्ले पी-थ्री ही फाइलची प्रोफाइलं. फाइलीतल्या आकड्यांचा अर्थ काय, एवढंच ती सांगतात. एसआरजीबी १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने त्या काळातल्या काचेच्या मॉनिटरवर बेतून मांडलं, ॲडोबी आरजीबी १९९८चं. दोन्हींत मुख्य फरक हिरवा आणि निळसर हिरवा या बाजूला आहे.

आमच्या आत्याच्या पैठणीमुळे हा फरक घरात सर्वांना पाठ झाला आहे. साडी अस्सल मोरपंखी. लग्नात काढलेली जेपीईजी फाइल कॅमेऱ्याने एसआरजीबीत बनवलेली होती. प्रिंट बघून आत्या म्हणाली, "अरे, माझी पैठणी मोरपंखी आहे. ही निळी कुणाची?" आत्याचं बरोबरच होतं. तो रंग एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर पडतो, त्यामुळे कॅमेऱ्याने तो कुंपणाच्या आत ढकलला. ढकलताना हिरवा गेला आणि काठाजवळच्या चुण्यांचा बारकावाही गेला. गंमत अशी, की प्रिंटरमधली सायन शाई त्या भागात एसआरजीबीच्या पुढे जाऊ शकते. कागदाची ताकद होती, फाइलीतच रंग उरलेला नव्हता. नशिबाने कॅमेऱ्यात रॉ फाइलही होती. ती १६ बिटमध्ये ॲडोबी आरजीबीत उघडून, त्याच कागदावर, त्याच कागदी प्रोफाइलने छापली. आत्याने या वेळी काही म्हटलं नाही, प्रिंट पर्समध्ये घातली.

म्हणून सरसकट ॲडोबी आरजीबी वापरावं का? नाही. मूळ फाइल एसआरजीबीतली असेल तर तिला मोठ्या कुंपणात नेऊन गेलेले रंग परत येत नाहीत. तशीच छापावी. रॉमध्ये काम करणाऱ्याने ॲडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो घ्यावं. प्रोफोटो घेतलं तर १६ बिट सोडू नये, कारण ८ बिटचे २५६ टप्पे एवढ्या मोठ्या आवारात विरळ होतात आणि आकाशात पट्टे दिसायला लागतात. आयफोनचे फोटो २०१६च्या सातव्या मॉडेलपासून डिस्प्ले पी-थ्रीमध्ये येतात. फाइलला चिकटलेलं प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रॅममधून ते छापले तर फिकट पडतात.

‘असाइन’ आणि ‘कन्व्हर्ट’ यांतला फरकही इथेच लक्षात ठेवावा. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात, अर्थ बदलतो, म्हणून रंग उडी मारतात. कन्व्हर्ट केल्यावर रंग शक्यतो तोच राहतो, आकडे बदलतात. आणि कागदाचं प्रोफाइल फाइलीला कधीच चिकटवून ठेवू नये. ते छापायच्या क्षणी, प्रिंटच्या खिडकीत निवडायचं.

६. घरच्या प्रिंटरसाठी सीएमवायके करू नका.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, दिवाळी अंक यांच्या जगात वावरलेले लोक हे हटकून करतात. तिथे ते योग्यही आहे. ऑफसेटला चार प्लेटा लागतात. घरचा इंकजेट मात्र, त्यात चार बाटल्या असोत नाहीतर सहा, ड्रायव्हरमार्फत आरजीबीचे आकडेच घेतो आणि शाईची वाटणी स्वतः करतो. त्याला सीएमवायके फाइल दिली की ड्रायव्हरकडे जाताना ती पुन्हा आरजीबी होते. मधल्या मधे ऑफसेटच्या शाईला न झेपणारे सगळे रंग छाटून टाकलेले असतात.

७. रंगांची जबाबदारी एकाकडेच द्या.

फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘कलर हँडलिंग’ असतं. ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडलं की खाली कागदाचं प्रोफाइल द्यायचं आणि मग प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन त्याची स्वतःची रंगदुरुस्ती बंद करायची. एप्सनमध्ये ‘नो कलर ॲडजस्टमेंट’ किंवा ‘ऑफ’ शोधायचं. कॅननमध्ये रंगाचं सेटिंग मॅन्युअल करून मॅचिंगच्या पानावर ‘नन’. मॅकवर हे पुष्कळदा आपोआप होतं, विंडोजवर आपल्यालाच करावं लागतं. लाइटरूममध्ये सुरुवातीला ‘मॅनेज्ड बाय प्रिंटर’ असतं. तिथे ‘अदर’ उघडून आपल्या प्रोफाइलवर खूण केल्याशिवाय ते यादीत येत नाही.

ड्रायव्हरमधलं बंद करायचं राहिलं तर रंग दोनदा सुधारले जातात. अशी प्रिंट लांबूनही ओळखता येते. नाशिकच्या एका मित्राने मुलाच्या मुंजीचा फोटो पाठवला होता. बटूपासून भटजींपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर रंगपंचमी उतरलेली. पांढरं उपरणं गुलाबी, करडी भिंत गुलाबी, हळदीचा पिवळा मात्र नारिंगीकडे सरकलेला. त्याला वाटत होतं प्रोफाइल खराब आहे. प्रोफाइल कंपनीचंच होतं आणि बरोबर होतं. ड्रायव्हरने त्याच्यावर आपलंही काम केलं होतं, एवढंच.

उलट बाजूही सांगतो, कारण हौशी लोक ती कमी लेखतात. कंपनीचीच शाई आणि कंपनीचाच कागद असेल तर प्रोफाइलच्या भानगडीत न पडता ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ निवडून, कागदाचं नाव बरोबर देऊन छापलेली प्रिंटही फार चांगली येते. चुलतबहिणीला मी तेच सांगून ठेवलं आहे. तिला वाढदिवसाचे फोटो अल्बममध्ये लावायचे असतात, रंगांतल्या फरकाचा डेल्टा-ई आकडा मोजायचा नसतो.

८. मीडिया टाइप हा प्रोफाइलचा अर्धा भाग आहे.

खरी मेहनत या मुद्द्यावर आहे. ड्रायव्हरमध्ये ‘मीडिया टाइप’ किंवा ‘पेपर टाइप’ नावाची यादी असते. लोकांना वाटतं ती नुसती माहिती आहे. पण शाई किती सोडायची, थेंब केवढा, फिकट शाई कुठपर्यंत वापरायची आणि गडद कुठून, हे सगळं ती यादी ठरवते. त्यामुळे ‘ग्लॉसी’ सेटिंगवर मोजून केलेलं प्रोफाइल ‘मॅट’ सेटिंगवर वापरलं की तक्ताच चुकीचा ठरतो. प्रोफाइलबरोबर आलेल्या सूचनापत्रात कोणतं मीडिया टाइप आणि कोणती क्वालिटी ठेवायची, ते दिलेलं असतं. सूचनापत्र नसेल तर फाइलच्या लांबलचक नावात बघावं. प्रिंटरचं मॉडेल, कागदाचं आखूड नाव आणि कधीकधी क्वालिटीचा आकडा तिथे असतो.

हानेम्यूले, कॅन्सन, इलफर्ड या कागदवाल्यांची प्रोफाइलं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, पण ती मुख्यतः व्यावसायिक प्रिंटरांसाठी. आपल्याकडे घरोघरी असलेल्या टँक प्रिंटरसाठी ती क्वचितच सापडतात. आणि आपण सगळेच रोज हानेम्यूले घालत नाही. बाजारात १८० ग्रॅमचा चकचकीत कागद मिळतो, पाकिटावर परदेशी बाईचा हसरा फोटो, प्रोफाइलचा पत्ता नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "साहेब, सगळ्या प्रिंटरला चालतो." खोटं नाही बोलत तो. कागद चालतोच. रंगांबद्दल तो काही बोललेला नाही.

अशा कागदावर मी असं करतो. आधी लेप असलेली बाजू ओळखायची. किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावलं की लेपाची बाजू चिकटते. मग चाचणीचं पान ड्रायव्हरमधल्या दोन-तीन मीडिया टाइपवर छापायचं. बाहेर पडताक्षणी पान खिडकीशी तिरकं धरून केस, काळी शेरवानी, गडद सावल्या बघायच्या. शाई जास्त झाली असेल तर तिथे बारीक ओलसर चकाकी दिसते, थेंब एकमेकांत मिसळून कणीदार जाळी होते आणि कडा किंचित पसरतात. हे दिसलं की कमी शाईचं मीडिया टाइप घ्यायचं. उलट काळा रंग राखाडी आणि कोरडा वाटला तर जास्तीचं. शाई नीट बसेल असं मीडिया टाइप सापडलं की ड्रायव्हरबरोबर आलेलं त्याच मीडिया टाइपचं प्रोफाइल लावून पुन्हा तेच पान. करडी पट्टी सुसह्य आली तर तो कागद ठेवायचा, नाहीतर उरलेला मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांना द्यायचा.

ग्रॅमचा आकडा बघून कागद घेऊ नये. १८० काय किंवा २७० काय, त्यातून वजन कळतं, लेप कळत नाही. स्वस्त चकचकीत कागद पुष्कळदा नुसत्या कागदावर लेप देऊन घोटलेला असतो, तर आरसी कागदाच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि शाईचा लेप त्यावर. आरसीवर काळा गडद बसतो, मॅटवर तो मुळातच उथळ राहतो. म्हणून तोच फोटो मॅटवर बरोबर प्रोफाइलनेही थोडा मवाळच येणार.

माझ्या मते घरात दोनच कागद असावेत, एक आरसी लस्टर आणि एक मॅट. पाकिटावरच मार्करने लिहून ठेवावं: मीडिया टाइप, क्वालिटी, प्रोफाइल. आणि एक सावधगिरी. पाकीट तेच, नाव तेच, पण आतला कागद बदललेला असं स्वस्त मालात घडतं. नवं पाकीट फोडलं की पहिल्या पानावर करडी पट्टी छापावी.

हाच न्याय शाईला. दुसऱ्या कुणाची ‘कम्पॅटिबल’ शाई भरली की कंपनीची सगळी प्रोफाइलं त्या दिवसापासून दुसऱ्याच्या प्रिंटरची झाली.

९. रेंडरिंग इंटेंट फोटो बघून ठरवावं.

प्रोफाइल निवडलं की खाली आणखी एक यादी येते: परसेप्च्युअल, रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, सॅच्युरेशन, ॲब्सोल्यूट. फोटोसाठी पहिले दोनच कामाचे. लाइटरूम तर तेवढेच दाखवतं. कागदाला न झेपणाऱ्या रंगांचं काय करायचं, हा तो प्रश्न. रिलेटिव्ह झेपणारे रंग जसेच्या तसे ठेवतं आणि न झेपणारे कुंपणाच्या काठावर आणून बसवतं. परसेप्च्युअल सगळ्यांनाच थोडं थोडं आत सरकवतं, म्हणजे त्यांच्यातलं नातं टिकतं, पण फोटो एकूण किंचित शांत होतो.

विसर्जन मिरवणुकीतला गुलाल घ्या. तो झगझगीत गुलाबी कुठल्याच घरगुती शाईला गाठता येत नाही. रिलेटिव्हवर छापलं तर ढोलवाल्याचा सदरा हा एक सपाट गुलाबी डाग होतो, चुण्या गायब, कारण सगळ्या छटा काठावर येऊन एकाच जागी बसल्या. परसेप्च्युअलवर तोच सदरा कमी भडक, पण सदरा दिसतो. याउलट ओसरीवर बसलेल्या आजीचा खिडकीच्या उजेडातला फोटो. त्यात कुंपणाबाहेर काहीच नाही. तिथे परसेप्च्युअल उगाच सगळं दाबतं, कारण त्याचा तक्ता फोटो न बघताच बनवलेला असतो. तिथे रिलेटिव्ह, आणि सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर खूण, नाहीतर सावल्या बुजतात.

एक बारीक गोष्ट. ॲडोबी आरजीबीतून एसआरजीबीत नेताना ‘परसेप्च्युअल’ निवडून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. त्या साध्या प्रोफाइलांमध्ये परसेप्च्युअलचा तक्ताच नसतो, काम रिलेटिव्हनेच होतं.

१०. सॉफ्ट प्रूफ बघायची सवय लावावी, पण त्याला घाबरू नये.

फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअप, लाइटरूममध्ये डेव्हलपात असताना एस दाबायचा. तिथे कागदाचं प्रोफाइल दिलं की कागदावर काय येईल याचा अंदाज स्क्रीनवर दिसतो. ‘सिम्युलेट पेपर कलर’वर खूण केली की फोटो क्षणात मळका होतो आणि हौस उतरते. तो बदल होताना मी नजर दुसरीकडे वळवतो आणि मग बघतो. डोळ्याला आधीचा झगझगीत पांढरा आठवत नसला की तोच फोटो बरा दिसतो. इंटेंट ठरवायला याहून स्वस्त साधन नाही. मात्र तिसरा मुद्दा केलेला नसेल तर सॉफ्ट प्रूफ हा निव्वळ करमणुकीचा कार्यक्रम.

११. प्रिंट वाळू द्या, मग उजेड बदलून बघा.

शाई आतून वाळेपर्यंत रंग हलत राहतात. मी दुसऱ्या दिवशीपर्यंत निकाल देत नाही, पावसाळ्यात आणखी थांबतो. जुलैत कागद ओल धरतो, वाकतो आणि काळा बसायला वेळ घेतो.

दुसरी गोष्ट दिवा. बहुतेक स्वस्त कागद अतिपांढरे दिसावेत म्हणून त्यांत चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश परत देतात. दिवसा खिडकीत कागद दुधासारखा दिसतो. रात्री पिवळसर एलईडीखाली अतिनील जवळपास नसतंच, रसायन गप्प बसतं आणि तोच कागद मळकट होतो. बैठकीत ३००० केल्व्हिनचा बल्ब असेल आणि फोटो तिथेच लागणार असेल, तर त्या बल्बखालीच ठरवावं. जाणकार मंडळी छपाई बघायला ५००० केल्व्हिनचा दिवा वापरतात. फोटो टांगायच्या भिंतीवर तो नसतो, हे त्यांनाही माहीत असतं.

१२. स्वतःच्या कागदाचं प्रोफाइल कधी करून घ्यावं?

एकच कागद भरपूर लागतो, शाई ठरलेली आहे, आणि उधारीच्या प्रोफाइलवर करडी पट्टी काही केल्या सुधारत नाही, तेव्हा. काम असं: शेकडो रंगीत चौकटींचं पान रंगदुरुस्ती पूर्ण बंद करून छापायचं, दिवसभर वाळवायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने एकेक चौकट मोजायची. फोटोशॉपमधून ते पान जसंच्या तसं छापणं अवघड जातं, म्हणून ॲडोबीने त्यासाठी ‘कलर प्रिंटर युटिलिटी’ नावाचा छोटा प्रोग्रॅम दिलेला आहे. मोजमापावरून प्रोफाइल बनवायला अर्गिल सीएमएस हा फुकट प्रोग्रॅम आहे, पण तो काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालतो, धीर हवा. यंत्र महाग असतं, तेव्हा पान छापून मोजणाऱ्याकडे पाठवणं सोयीचं. स्क्रीन मोजायचं यंत्र या कामाला चालत नाही, कागदाचं वेगळं असतं. आलेली फाइल विंडोजवर राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल प्रोफाइल’ केली की झालं. फोटोशॉप उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडावं, नाहीतर ती यादीत दिसत नाही.

१३. कृष्णधवल फोटो सर्वांत शेवटी हाताळावेत.

सहा शायांच्या पुष्कळ प्रिंटरांमध्ये काळी एकच असते, बाकीचे करडे रंगीत शाया मिसळून होतात. रंगीत फोटोत लपणारी झाक इथे उघडी पडते. दिवसा हिरवट, रात्री गुलाबी, असंही होतं. नुसती काळी शाई वापरणारं ग्रेस्केल सेटिंग झाक टाळतं, पण फिकट भागांत ठिपके दिसतात. जुने फोटो स्कॅन करून छापायचे असले की मी त्यांना मुद्दाम किंचित तपकिरी झाक देतो. दिवा बदलला तरी ती झाक तपकिरीच वाटते, तिथे निर्भेळ करड्याचा हट्ट टिकत नाही. ही झाक फोटोच्या फाइलीतच, आरजीबीत द्यावी आणि नेहमीच्या कागदी प्रोफाइलने छापावं. ड्रायव्हरमधल्या ‘सेपिया’च्या बटणाला हात लावला की सातव्या मुद्द्यात बंद करून ठेवलेला ड्रायव्हर पुन्हा मधे पडतो.